लक्ष्मी रस्त्यावरचे दोन दिवस

पर्युषण पर्व पूर्ण झाले, क्षमापनेच्या भेटीगाठी आटोपल्या, अनंत चतुर्दशीला गणरायांचे विसर्जन झाले, की पितृपंधरवडा सुरू होतो. कापडाच्या व्यापाऱ्यासाठी वर्षातील हे सर्वांत शांत दिवस. या पंधरवड्यात नवे वस्त्र घ्यायचे नाही, अशी गिऱ्हाइकाच्या घरची रीत असते. त्यामुळे दुकानात घड्याळाची टिकटिकही ऐकू येते. नवरात्र-दिवाळीच्या मालाची खरेदी करायला आम्ही दरवर्षी याच दिवसांत पुण्यास जातो. रविवार पेठेतील कापडगंजात दोन दिवस हिंडायचे, माल पाहायचा, गठ्ठे वाहतुकीला टाकायचे आणि परतायचे, असा आमचा अनेक वर्षांचा क्रम आहे. या वेळी मात्र मनात आणखी एक काम होते, आणि ते सोपे नव्हते.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे साड्यांचे व कापडाचे दुकान आहे. आमचे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, त्यांनी १९६४ साली ते दोन खणी गाळ्यात सुरू केले. पेठेतील चार पिढ्यांची लग्ने आमच्या दुकानातील शालूंवर लागली, असे अप्पा अभिमानाने सांगतात आणि ते खरेही आहे. पण यंदाच्या श्रावणात एक प्रसंग घडला. वीस वर्षांपासून येणाऱ्या एक बाई दुकानावरून चालल्या होत्या. हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी होती. मी नमस्कार केला तशा त्या थबकल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "रागावू नका हं शेठजी, पण तुमच्याकडं हल्ली नवीन काही येतच नाही ना, म्हणून म्हटलं तिकडं बघावं."

त्याच आठवड्यात आमच्याकडे चाळीस नव्या साड्या आल्या होत्या. त्या आतल्या कपाटात, कागदी वेष्टनात, घडी न मोडता ठेवलेल्या होत्या. दर्शनी काचेत मात्र गेल्या दिवाळीला लावलेल्या साड्याच होत्या.

मुलाने हा प्रसंग ऐकला आणि त्याच्या मनातली जुनी गोष्ट बाहेर आली. दुकान संपूर्ण उकलून नवे करावे, छत खाली घ्यावे, भिंतभर काच, नवे दिवे, वातानुकूलन. त्याने अंदाजपत्रकही आणले होते: बावीस लाख रुपये. एवढी रक्कम कर्जाशिवाय उभी राहणार नव्हती. अप्पांनी आयुष्यात दुकानावर कर्ज घेतले नव्हते, आणि मुलगा मनाशी म्हणत होता की हे झाले नाही तर या धंद्यात माझे काय काम? घरात मोठ्याने कोणी बोलत नव्हते, पण जेवणाच्या पानावरची शांतता सगळ्यांना जाणवत होती. शेवटी ठरले, की पुण्याला तिघांनी जावे. मी, सौ. आणि मुलगा. खरेदी करू, लक्ष्मी रस्त्यावरची दुकाने डोळे उघडे ठेवून पाहू आणि मग निर्णय घेऊ.

खंबाटकी ओलांडून एसटी स्वारगेटला पोहोचली तेव्हा दुपार झाली होती. बहिणीचे घर शुक्रवार पेठेत, मंडईच्या हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहाटेच मी एकटा बाहेर पडलो.

दुकाने उघडण्यापूर्वीचा लक्ष्मी रस्ता फार थोड्यांनी पाहिला असेल. बेलबाग चौकापाशी, जिथे नाना फडणवीसांनी उभारलेले विष्णुमंदिर आहे, तिथून पश्चिमेकडे टिळक चौकापर्यंत, म्हणजे अलका टॉकीजपर्यंत, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांची वाट. दिवसा याच वाटेला तासही पुरत नाही. विसर्जन मिरवणूक याच रस्त्याने जाते आणि ती चोवीस तासांहून अधिक काळ चालते. म्हणून दुकानदार काचांपुढे फळ्या, पत्रे आणि बांबू बांधून ठेवतात. ते आता उतरले होते. रिकाम्या काचेआड कुठे नुसते पुतळे उभे होते, अंगावर वस्त्र नसलेले. कुठे जमिनीवर टाचण्यांचा डबा, मोजपट्टी आणि अर्धवट उलगडलेला तागा. एका दुकानात शिडीवर चढलेला मुलगा दिव्याचे तोंड वळवत होता आणि मालक पदपथावर उभे राहून "अजून डावीकडे, पदरावर पडू दे" असे हाताने खुणावत होते. ते मालक रस्त्यावर उभे होते, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या नजरेत भरली नाही. ती नंतर उमगली.

हा रस्ता स्थूलमानाने पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे उत्तरेच्या ओळीतील दुकानांची तोंडे दक्षिणेला, आणि दक्षिणेच्या ओळीतील दुकानांची उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा उत्तरेच्या ओळीतील काचांवर ऊन थेट पडते. कापडाच्या व्यापाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. सतत ऊन लागलेला रंग उडतो, आणि तो सगळीकडे सारखा उडत नाही. घडीच्या कडेवर फिकी रेघ उमटते, घडीच्या आत मूळ रंग तसाच राहतो. अशी साडी उलगडली की गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही, ती किती दिवस काचेत होती ते. उन्हाकडे तोंड असलेल्या दुकानांनी पुढे कापडी छत काढलेले आणि काचेतला माल वारंवार पालटलेला दिसतो, तो केवळ हौसेपोटी नव्हे.

तिथून मी मंडईत शिरलो. १८८६ मध्ये बांधून झालेली ही इमारत. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेले पंख. पूर्वी रे मार्केट म्हणत, आज महात्मा फुले मंडई. आत उंच ओट्यांवर भाजीवाल्या बसतात आणि त्यांच्या पुढ्यात माल पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत येतो. मी एका ओट्यापुढे उभा राहिलो. मावशी साठीच्या असाव्यात. टोमॅटोची उतरंड रचत होत्या: प्रत्येकाचे देठ आत, तांबडी बाजू बाहेर. शेजारी लिंबांची रास, तिच्याजवळ हिरवी मिरची, मग पुन्हा तांबडे गाजर. पिवळ्याशेजारी हिरवे, हिरव्याशेजारी तांबडे. एकाही रंगाजवळ त्याचाच रंग नव्हता. मग त्यांनी कालची कोथिंबिरीची जुडी सोडली, पिवळी पाने खुडली, पाणी शिंपडले आणि पुन्हा बांधली.

मी विचारले, "मावशी, हे सगळं रोज नव्यानं मांडता?"

"मग? कालचं मांडलेलं आज कुणी बघंल का, भाऊ?" त्या हातातले काम न थांबवता म्हणाल्या. "माल कालचा असला तरी हात आजचा लागला पायजे."

"आणि खाली दबलेलं खराब निघालं तर?"

"ते काढून टाकायचं. वर चांगलं नि खाली सडकं लावलं, तर गिऱ्हाईक एकदाच येतं."

बाजूला उभे राहून मी ते वाक्य मनात घोळवत राहिलो. भाजी शिळी झाली हे भाजीवालीला रोज सकाळी कळते, कारण पान पिवळे पडते, वास येतो. कापड शिळे होते तेव्हा वास येत नाही. ते घडीत तसेच नीट दिसते आणि आपल्याला वाटते, माल सुरक्षित आहे. दहा वर्षांनी गठ्ठा सोडला म्हणजे कळते की त्यात भांडवल अडकून सुकून गेले. आमच्या धंद्याचे दुर्दैव असे, की आमचा माल नासत नाही.

दहा वाजता सौ. आणि मुलगा आले. आम्ही तुळशीबागेत गेलो. पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेले राममंदिर मध्यभागी आणि त्याभोवती बांगड्या, पितळी भांडी, भातुकली, पूजेचे साहित्य, केसांच्या पिना यांच्या गल्ल्या. कित्येक विक्रेत्यांची जागा हात पसरला तर संपेल एवढीच. त्यांना कोठार नाही, आतले कपाट नाही; जे आहे ते सारे समोर. सौ. एका कानातल्यांच्या टपरीपुढे थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बघा, नवीन आलेलं डोळ्यांसमोर लावलंय, रोज खपणारं हाताशी, नि महागाचं वर. आपल्याकडं उलटं आहे. आपण महागाचं आणि नवीन दोन्ही आत ठेवतो, आणि गिऱ्हाइकानं मागितलं तरच काढतो. पण आहे हेच माहीत नसेल, तर बाई मागेल कशी?"

बोलणाऱ्याच्या एरंड्याही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची आपल्याकडे म्हण आहे. दुकानाची काच हे दुकानाचे बोलणे. आमचे दुकान वर्षभर एकच वाक्य बोलत होते.

तोवर लक्ष्मी रस्ता जागा झाला होता. आम्ही समोरच्या पदपथावरून चालू लागलो आणि मुलाने एक हिशेब मांडला. बारा फुटांचे दर्शनी तोंड असलेल्या दुकानापुढून माणूस साध्या चालीने तीन-चार सेकंदांत निघून जातो. दुचाकीवरचा तर एका सेकंदात. तेवढ्या वेळात तीस साड्या कोणालाच दिसत नाहीत. नुसता रंगांचा गलबला दिसतो. ज्या दुकानांपुढे माणसे थबकत होती तिथे काचेत तीनच साड्या होत्या: मधली उंचावर, दोन्ही बाजूंच्या खाली, आणि तिन्हींत एक रंग सामाईक. काही काचा दिवसाढवळ्या आरशासारख्या झाल्या होत्या, आतले काहीच दिसत नव्हते. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला, की काचेत रस्ताच दिसतो. म्हणून जाणते दुकानदार काचेतला दिवा भर दुपारीही विझवत नाहीत.

या रस्त्यावर एक कटू अनुभवही आला. एका दुकानाच्या काचेतील आमसुली रंगाची साडी सौ. यांना मनापासून आवडली. आत जाऊन मागितली. विक्रेता म्हणाला, "तो पीस डिस्प्लेचा आहे, काढता येणार नाही. तशीच दुसरी दाखवतो." दुसरी तशी नव्हती, किंमतही निराळी होती. पंधरा साड्या पाहून आम्ही हात हलवत बाहेर पडलो. पुढे दुसऱ्या दुकानात असेच विचारले तेव्हा तिथल्या वयस्क विक्रेत्याने एक शब्दही न बोलता पुतळ्यावरची साडी सोडली, स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवली आणि मग म्हणाला, "बाई, दिव्याखाली जर जास्त चमकते. दारात उजेडात नेऊन बघा." दारातल्या उजेडात रंग थोडा गडद निघाला. सौ. यांनी ती साडी घेतली.

मंडईतल्या मावशींचे वाक्य मला इथे पुन्हा आठवले. काचेत लावलेली वस्तू हा शब्द दिलेला असतो. ती त्याच किमतीला, त्याच रंगात, मागताक्षणी मिळाली पाहिजे. पिवळ्या दिव्यात जर आणि तांबडा रंग खुलतो, पांढऱ्या दिव्यात निळा. हे दुकानदाराला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकाला नसते. ते ज्ञान गिऱ्हाइकाला दारापर्यंत नेण्यासाठी वापरायचे की फसवण्यासाठी, हे प्रत्येकाने आपल्या गादीवर बसून ठरवावे.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून आम्ही पुन्हा बाहेर पडलो. सकाळी ज्या दुकानाचे मालक पदपथावर उभे राहून दिवा वळवून घेत होते, ती काच आता पूर्ण झाली होती. नवरात्राची तयारी. गेल्या काही वर्षांत नऊ दिवसांचे नऊ रंग रूढ झाले आहेत. त्यातले पहिले तीन तिथे होते. मालक दारातच उभे होते. मी आपली ओळख दिली आणि विचारले, की काच किती दिवसांनी पालटता?

ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी. नवा माल असो वा नसो." आणि मग ज्या सहजतेने व्यापारी व्यापाऱ्याशी बोलतो तसे त्यांनी वर्षच मांडून दाखवले. संक्रांतीआधी काळ्या साड्या. मग गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला लग्नसराईचे शालू, पैठणी. जूनमध्ये शाळेचे गणवेश पुढे, साड्या मागे. आषाढात जुना माल खरे कारण सांगून सवलतीत काढायचा, कारण दिवाळीला पैसा मोकळा हवा. श्रावणात मंगळागौर आणि राखी, पुढे गौरी-गणपती; पितृपंधरवड्यात झाडलोट, दुरुस्ती, दिवे. मग नवरात्र, दसरा, दिवाळी, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा लग्नसराई. "पंचांग आणि काच, दोन्ही बरोबर चालली पाहिजेत," ते म्हणाले.

"आणि खर्च?" मुलाने विचारले. त्याच्या मनातले बावीस लाख अजून तिथेच होते.

"हे पुतळे सोळा वर्षांचे आहेत. मागचा पडदा आमच्याच दुकानातल्या कापडाचा. दिवे मात्र चांगले घेतले." मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "खर्चापेक्षा त्रास बाहेर जायचा आहे. गल्ल्यावर बसलं, की आपलं दुकान आपल्याला दिसत नाही. रोज सकाळी मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो, आणि जणू पहिल्यांदाच आलोय असं बघतो. कठीण आहे ते. नजरेला सवय झाली, की फाटकं छतही दिसत नाही."

परतीच्या एसटीत मुलगा बराच वेळ गप्प होता. शिरवळच्या सुमारास म्हणाला, "बाबा, अंदाजपत्रक सहा महिने थांबवू. आधी आहे त्या दुकानाला हात लावून बघू. मग जे कमी पडेल तेवढंच करू." मी होकार दिला. कर्ज नको म्हणून मला बरे वाटले, हे खोटे सांगणार नाही; पण त्याहून बरे वाटले ते 'बघू' या त्याच्या शब्दाने, कारण त्यात तो स्वतः होता.

पंधरवड्याचे उरलेले दिवस आम्ही दुकानातच घालवले. पुढची कपाटे रिकामी केली. घडीवर रंग उडालेल्या सतरा साड्या निघाल्या. त्यांची निराळी रास करून 'घडीवर रंग उडालेला आहे' अशी पाटी लावली आणि निम्म्या किमतीला ठेवल्या. दसऱ्यापर्यंत चौदा गेल्या. बोहरी आळीतून आणलेली आकडे, तार आणि पट्ट्या लावून काचेत तीन साड्यांची जागा केली. आतल्या कपाटातला नवा माल डोळ्यांच्या उंचीवर आला, म्हणजे साधारण चार ते पाच फुटांवर. काचेतली साडी मागितली तर तत्काळ काढून द्यायची, हे सूनबाईंनी सर्व नोकरांना बजावले. मुलगा दर सोमवारी समोरच्या पदपथावरून दुकानाचे छायाचित्र घेतो. डोळा सवयीने ज्यावरून सरकतो, ते छायाचित्रात टोचते: वाकडी पट्टी, जळलेला दिवा, काचेवरच्या बोटांच्या खुणा. मंगळवारी आमच्या गावचा आठवडी बाजार असतो, म्हणून काच सोमवारी संध्याकाळी पालटायची असे ठरले आहे. एका सोमवारी दिवे आणि पुसपास, दुसऱ्या सोमवारी माल.

दिवाळीला चमत्कार झाला, असे मी लिहिणार नाही. विक्री बरी झाली. दिव्यांवर खर्च करावा लागला आणि जमीन दुरुस्त करायची आहे, ती पुढच्या वर्षी करू. श्रावणात थबकलेल्या त्या बाई मात्र भाऊबीजेआधी आल्या. काचेकडे बोट करून म्हणाल्या, "ती मधली दाखवा."

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी, सारे मांडून झाल्यावर, आम्ही अप्पांना समोरच्या पदपथावर खुर्ची टाकून बसवले. वयाच्या ८६व्या वर्षी ते फारसे बाहेर पडत नाहीत. दुकानात आलेच तर थेट गादीवर. समोरून दुकान पाहायला त्यांना किती वर्षांनी मिळाले, कोण जाणे. बराच वेळ ते काचेकडे पाहत राहिले. मला वाटले, आता काही कौतुकाचे बोलतील.

अप्पांनी काठीने वर खूण केली. "त्या पाटीवरच्या डाव्या बाजूचा दिवा लागत नाही. कधीपासून?"

मी मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्याकडे. आम्हा दोघांनाही सांगता आले नाही.